कौमुदीने विकलेलं तळं

कौमुदी तायडे एका जागी बसून चहा पितेय असं मी आजवर पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन ती घरभर फिरते, खिडकीतून डोकावते, फोन आला की मागच्या अंगणात जाते आणि कप कुंपणावर विसरून येते. विद्यार्थी असताना मेलबर्नच्या नोबल पार्क भागात एका भाड्याच्या घरात आम्ही चार मराठी मुली राहत होतो. कुंपणावरचे कप गोळा करून आणायचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही बाकीच्या तिघी अकाउंटिंग, आयटी, नर्सिंग असलं काहीतरी शिकायला मेलबर्नला आलो होतो, म्हणजे पुढे पीआर, इथे कायम राहायची परवानगी, मिळावी म्हणून. कौमुदी साहित्य शिकायला आली होती. तिचे वडील अचलपूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळेच्या कपाटात अमेरिकेवरची जी चार-दोन पुस्तकं होती ती त्यांनी पाठ होईपर्यंत वाचलेली. लाकडाच्या खोपटात जन्मलेला पोरगा स्वतःच्या हिमतीवर मोठा कसा होतो, हे ते वर्गात डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. घरी लेकीला सांगायचे, "तिथं आडनाव विचारत नाहीत बाई. काम विचारतात." अमेरिकेने तिला व्हिसा नाकारला. ऑस्ट्रेलियाने दिला. वडील म्हणाले, चालेल, तोही नवाच देश आहे.

तिच्या प्रबंधाचा विषय आम्हाला तेव्हा विनोदी वाटायचा. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधून माणसं अमेरिकेला जावीत म्हणून तिथे छोटी छोटी पुस्तकं छापली जात. त्यांत लिहिलेलं असायचं की माती अशी की बी टाकायचा अवकाश, नद्यांत मासे असे की हाताने धरावेत, आणि कष्ट करणाऱ्याला तिथे कुणी अडवणार नाही. लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ती जमीन पाहिलेलीसुद्धा नव्हती आणि काहींचे पैसे त्याच कंपन्यांत अडकलेले होते. मग लोक गेले आणि पहिल्या हिवाळ्यांत उपासमारीने मेले. जमीन रिकामीही नव्हती, तिथे माणसं राहत होती.

स्वयंपाकघरात फेऱ्या मारत ती सांगायची, "लोकांना वाटतं आधी स्वप्न होतं आणि मग कुणीतरी त्याची जाहिरात केली. उलटं आहे गं सुखदा. आधी जाहिरात होती. आणि मला कोडं वेगळंच आहे. जे जगले, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी घरी पत्रं लिहिली की इथे सगळं छान आहे, तुम्हीही या. का लिहिली असतील?"

"एकटे पडले असतील," मी म्हणाले.

"एवढंच?" ती म्हणाली आणि अंगणात निघून गेली.

प्रबंधाला उत्तम गुण मिळाले, पण नोकरी काही मिळाली नाही. पीएचडीची स्कॉलरशिप दुसऱ्या कुणाला तरी गेली. कॉल सेंटर झालं, एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल झाली, एका गोदामात पार्सलांवर स्टिकर लावून झाले. मधे विक्रांतशी लग्न झालं. तो डँडेनॉन्ग साउथच्या एका कारखान्यात एअर कंडिशनिंगचा तंत्रज्ञ होता, शांत आणि खालमानेने काम करणारा. नुपूर झाली. आणि एके दिवशी डँडेनॉन्गच्या एका रिअल इस्टेट ऑफिसात कौमुदी जाहिराती लिहायला लागली.

शहराच्या कडेला, क्रॅनबर्नच्याही पुढे, गाई चरायच्या तिथे एक कंपनी वसाहत उठवत होती. नाव ठेवलं सिल्व्हरग्रास लेक्स. गिऱ्हाईक बहुतेक भारतीय. कौमुदीचा बॉस डीन याला इंग्रजी, हिंदी आणि मराठी लिहिणारं कुणीतरी हवं होतं. त्याला ती किती कामाची आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मातीला, पाण्याला, शेजाराला कोणते शब्द लावले की माणूस सही करतो, याचा तिने दोन वर्षं अभ्यासच केला होता. 'सकाळी उठावं तर समोर पाणी' हे वाक्य तिचं. 'स्टेशन इतकं जवळ की आईबाबा एकटे फिरून येतील' हेही तिचंच. त्यातला 'प्रस्तावित' हा शब्द खाली बारीक अक्षरांत असायचा. तो डीनचा वकील घालायचा.

शनिवारी ती फॉस्टर स्ट्रीटवर साड्यांच्या दुकानाबाहेर स्टॉल लावायची. पहिल्याच शनिवारी पुण्याचे एक काका थांबले. तिचं मराठी ऐकून खूश झाले.

"नाव काय तुमचं?"

"कौमुदी."

"पुढे?"

"तायडे."

"अच्छा, अच्छा," काका म्हणाले आणि उरलेली सगळी चौकशी त्यांनी शेजारी उभ्या डीनकडे इंग्रजीत केली.

हे तिने मला हसत हसत सांगितलं. त्या रात्री वडिलांचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच जेवायला होते. त्यांनी नेहमीसारखं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही हो बाबा, इथे कुठे कोण विचारतंय!" मग फोन ठेवून ती भांडी घासायला लागली, ती घासलेलीच होती तरी.

प्रमिला आणि अर्जुन तिला त्याच स्टॉलवर भेटले. नांदेडकडचे, नवीन लग्न झालेले. अर्जुन एका कोल्ड स्टोअरमध्ये पहाटेच्या शिफ्टला, प्रमिला डँडेनॉन्गच्या एज्ड केअरमध्ये. दोघांत एक गाडी. त्यांनी कौमुदीला आडनाव विचारलं नाही. प्रमिला फक्त म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल ते. तुम्ही आपलं माणूस." आणि त्यांनी तळ्यासमोरचा प्लॉट घेतला.

विक्रांतलाही घर घ्यायचं होतं. दर वर्षी लीज संपत आली की तो विषय काढायचा. एकदा तो माझ्यासमोरच म्हणाला, "दुसऱ्यांना इतकी घरं देतेस. आपल्याला त्याच वसाहतीत एक घे की."

"अजून थांब."

"कशासाठी थांबायचं?"

कौमुदीने गाडीची किल्ली घेतली आणि दूध आणायला म्हणून गेली. फ्रिजमध्ये दुधाचा कॅन भरलेला होता. विक्रांतने फ्रिज मला उघडून दाखवला आणि पुन्हा बंद केला.

प्रमिला आणि अर्जुनचं सिल्व्हरग्रासचं घर उभं राहून दीडेक वर्ष झालं असेल. कौमुदीला प्रमिला फॉस्टर स्ट्रीटच्या किराणा दुकानात भेटली. कौमुदी तूरडाळीच्या पोत्यांमागे वळणार होती, हे तिनेच मला नंतर सांगितलं. पण प्रमिलाने लांबूनच हाक मारली, जवळ येऊन हात धरला. "ताई, घर बघायला या ना. तुमच्यामुळे झालंय. एकदासुद्धा आला नाहीत."

त्या रविवारी कौमुदी मला सोबत घेऊन गेली. एकटीने जायची तिची हिंमत नव्हती.

घर नीटनेटकं होतं. प्रमिलाने पोहे केले होते, वर ओलं खोबरं. खिडकीतून जाळीचं कुंपण दिसत होतं, त्याच्या आत एक खोलगट खड्डा आणि तळाशी हिरवं पाणी. वसाहतीतलं पावसाचं पाणी साठवायची ती सोय होती. जाळीवर पाटी होती, आत उतरू नये अशी. खड्ड्यापलीकडे ओसाड माळ आणि शाळेच्या नियोजित जागेवरचा बोर्ड, वाऱ्याने एका बाजूला कललेला.

बोलता बोलता कळलं, प्रमिलाने नोकरी सोडली होती. अर्जुन पहाटे गाडी घेऊन जातो. बस वसाहतीत येत नाही. सगळ्यात जवळचा थांबा हमरस्त्यापलीकडे, आणि तो रस्ता पायी ओलांडायला वाटच नाही. "एकदा गेले होते चालत. ट्रकवाले हॉर्न मारत होते. मग नाही गेले." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. पोहे वाढता वाढता सांगत होती.

तेवढ्यात तिच्या बहिणीचा, मानसीचा, व्हिडिओ कॉल आला. मानसी नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचं इकडे यायचं घाटत होतं. प्रमिला फोन घेऊन खिडकीशी गेली. हात उंच करून तिने फोन असा धरला की जाळी खाली राहावी आणि पाणी आणि आभाळ तेवढं दिसावं. सरावाचा हात होता.

"बघ मानसी, आमचं तळं. सकाळी उठावं तर समोर पाणी! स्टेशन होतंय जवळच. तू ये, मग दोघी ट्रेननेच कामाला जाऊ."

मी कौमुदीकडे पाहिलं. तिच्या हातातली बशी तिरकी झाली होती आणि पोहे गालिच्यावर सांडत होते. तिला ते कळलं नव्हतं.

परत येताना ती गाडी फार वेगात चालवत होती. मी सांगितल्यावर वेग कमी केला, मग पुन्हा वाढवला. "माझं वाक्य आहे ते," ती म्हणाली. "मी एसीत बसून लिहिलं, आणि ती तिथे राहून बोलतेय. मला वाटायचं, ती पत्रं लिहिणारे लोक खोटं बोलत होते. खोटं नाही गं ते. एवढं सगळं सोडून आल्यावर चुकलो असं कसं म्हणायचं? मी बाबांना काय सांगते रोज?"

दुसऱ्याच आठवड्यात डीनने नव्या टप्प्याचं ब्रोशर लिहायला दिलं. नाव होतं द वॉटर्स एज. कौमुदीने ते लिहिलं नाही. त्याऐवजी मेलबर्नच्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर एक पोस्ट टाकली. ती अशी होती:

'सिल्व्हरग्रास लेक्समध्ये घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी. तळं हे तळं नाही, पावसाचं पाणी साठवायचा खड्डा आहे. भोवती जाळी आहे, उन्हाळ्यात वास येतो. स्टेशनचं नुसतं बोलणं आहे. बस नाही. घरात दोन गाड्या नसतील तर एक माणूस घरातच बसेल. शाळा नाही, शाळेसाठी जागा आहे. घरं बरी बांधली आहेत. शेजारी चांगले आहेत. या जागेची जाहिरात मी लिहिली होती. कौमुदी तायडे.'

डीनला मराठी येत नव्हतं, पण गिऱ्हाइकं मागे फिरलेली कळतात. त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "मेट, मी तुला एक गोष्ट विचारतो. यातलं तुला पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं असं काय आहे?" दुपारी ती खोक्यात सामान भरून बाहेर पडली.

ग्रुपवर काहींनी टाळ्यांचे इमोजी टाकले. काहींनी विचारलं, हे आता सुचलं का? एकाने लिहिलं, आपलीच माणसं आपल्याला बुडवतात. प्रमिलाने ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. तिने फोन केला.

"ताई, कुणीतरी ते तिकडे पाठवलं. मानसीने वाचलं. घरात सगळ्यांनी वाचलं. माझे सासरे म्हणाले, सूनबाई खड्ड्याकाठी राहते आणि तळं म्हणून सांगते." तिचा आवाज चिरकत होता. "तुम्ही माझ्या घराला सगळ्यांदेखत नावं ठेवलीत."

फोन कट झाला. कौमुदीने केलेले पुढचे दोन-तीन फोन प्रमिलाने उचलले नाहीत.

मला वाटलं होतं, आता कौमुदी खचेल. ती खचली नाही, पण घरात टिकेना. सकाळी नुपूरला शाळेत सोडलं की दुपारपर्यंत गाडी घेऊन कुठेतरी फिरायची. विक्रांत एकदा मला म्हणाला, "पेट्रोल जळतंय त्याचं काही नाही गं. तिच्याकडे बघवत नाही." शेवटी एका सकाळी ती फिरत फिरत सिल्व्हरग्रासला गेली आणि प्रमिलाच्या दारात उभी राहिली. आत घेतलं नाही. जाळीचं दार मधे ठेवूनच बोलणं झालं, ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं.

"मी माफी मागायला आलेय."

"कशाची? आधीच्या लिहिण्याची की आताच्या?"

कौमुदीने मागे वळून खड्ड्याकडे पाहिलं.

"मला दिसत नाही का ते तळं नाही म्हणून? रोज दिसतं. विकताना तुम्ही एक बोललात, आता दुसरं बोलता. दोन्ही वेळेला तुम्ही निघून गेलात ताई. मधे आम्ही राहतो."

"मग तू सांग, काय करू?"

"मला काय विचारता? मला कामाला जायचंय. बस आणून द्या." प्रमिलाने हे रागाने म्हटलं होतं, खरंच मागितलं नव्हतं.

कौमुदीने ते मागणं म्हणूनच घेतलं. बस आणणं तिच्या हातात नव्हतं, पण गाडी होती आणि वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नुपूरला लवकर उठवून, तिच्या हातात टोस्ट देऊन, ती सिल्व्हरग्रासला हजर झाली. हॉर्न वाजवला नाही, नुसती थांबली. प्रमिला खिडकीतून बघत राहिली आणि बाहेर आली नाही. तिसऱ्या की चौथ्या सकाळी ती बाहेर आली, ते हे सांगायला की जुन्या कामावर विचारलंय, बोलावणं यायला वेळ लागेल, रोज येऊ नका. त्यानंतरच्या आठवड्यात तिला जुन्या जागी शिफ्ट्स मिळाल्या. मग शेजारची एक पंजाबी बाई बसायला लागली, मग एक श्रीलंकन मुलगी. गाडी भरली. मागच्या सीटवर मधोमध दप्तर घेऊन नुपूर. "मम, वी आर लिटरली अ बस नाउ," ती म्हणाली, आणि त्या दिवशी प्रमिला पहिल्यांदा हसली.

त्याच गाडीत ठरलं की वसाहतीसाठी खरी बस मागायची. बस राज्य सरकारची, काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, फक्त शिफारस करतं, हे शोधायलाच महिना गेला. कौमुदी अर्ज लिहायची आणि मागच्या सीटवरून बायका तो सुधारायच्या. तिला सुंदर लिहायची खोड होती. प्रमिला म्हणायची, "ताई, हे नको. सरळ लिहा, रस्ता ओलांडता येत नाही." काउन्सिलच्या बैठकीत कौमुदी बोलली नाही. प्रमिला बोलली, तिच्या तोडक्या इंग्रजीत, कागद न बघता. ती जिथे अडखळली तिथे पंजाबी बाईने शब्द पुरवला.

बस आली, पण अर्धीमुर्धी. सहा महिन्यांसाठी चाचणी म्हणून, शनिवार-रविवार नाही, आणि आत वसाहतीत नाही, प्रवेशाच्या चौकापर्यंतच. हमरस्ता ओलांडायला मात्र सिग्नल बसला. बायका म्हणाल्या, चालेल. कौमुदीला चालत नव्हतं. तिने आणखी एक अर्ज लिहायला घेतला तेव्हा प्रमिलानेच तिला थांबवलं. "आता आम्ही लिहू. तुम्ही जरा बसा."

बसणं तिला येतच नाही. डँडेनॉन्गच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवायचं काम तिला मिळालं, आठवड्यातले थोडे तास. ते तिला आवडतं, पण तासांची खात्री नाही. मानसी फेब्रुवारीत आली. विमानतळावर कौमुदीही गेली होती. तिने मानसीला विचारलंच, माझी पोस्ट वाचूनही कशी आलीस म्हणून. मानसीने ट्रॉली ढकलत सांगितलं, "तुम्ही लिहिलं होतं ना, एक माणूस घरात बसतं म्हणून. ताई एकटी बसलेली होती. म्हणून तर आले."

कौमुदी आणि विक्रांतने घर अजून घेतलेलं नाही. आणि आता विक्रांतला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विनहून बोलावणं आलंय. तिथल्या हॉस्पिटलात एसीच्या देखभालीची कायमची नोकरी. कौमुदीने कंपनीने पाठवलेलं रंगीत माहितीपत्रक उघडलंसुद्धा नाही. तिने ओळखीतून ओळख काढत डार्विनमधल्या वासंतीताई म्हणून एका मराठी नर्सचा नंबर मिळवला आणि स्पीकरवर फोन लावला. मी, विक्रांत आणि नुपूर ऐकत होतो.

"चांगलं काही सांगू नका," कौमुदी म्हणाली. "वाईट तेवढं सांगा."

वासंतीताई जरा गोंधळल्या, मग खुलल्या. पावसाळ्याआधीचे महिने अंगाची लाही करतात. पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, चपलांनासुद्धा. समुद्र आहे, पण पाण्यात पाय घालायचा नाही, मगरी. गाडीशिवाय पान हलत नाही. विमानाची तिकिटं महाग, म्हणून पाहुणे येत नाहीत. मराठी माणसं मोजकी, आणि त्यातल्या दोन घरांचं आपसात पटत नाही.

"आडनाव विचारतात का?" कौमुदीने विचारलं.

"विचारतात गं," वासंतीताई म्हणाल्या. "मी कांबळे. पण विचारणारी दोनच घरं आहेत. एका घराने विचारून सोडून दिलं. दुसरं घर अजून विचारात आहे."

कौमुदी मोठ्याने हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते. "मग तुम्ही अजून तिथे कशा?"

"काय सांगू. मुलगी रुळली. हॉस्पिटलात माझं चांगलं चाललंय. आणि आंबे आहेत दारात."

"दारात?"

"विश्वास नाही बसत ना? थांब."

फोटो आला, गेल्या मोसमातला. झाडाखाली दहा-बारा आंबे पडलेले, निम्म्याहून जास्त वटवाघळांनी कुरतडलेले, बाजूला कचऱ्याचा हिरवा डबा उघडा. कौमुदीने तो फोटो बोटांनी मोठा करून नीट पाहिला आणि विक्रांतकडे दिला.

"मम, आर वी मूव्हिंग अगेन?" नुपूरने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

नुपूरने खांदे उडवले. "कॅन आय हॅव अ डॉग देअर?"

ते इस्टरनंतर जाणार आहेत. वडिलांना तिने परवा फोन केला, तेव्हाही मी होते. तिने बुरशीचं सांगितलं, मगरींचं सांगितलं, आणि मग पुण्याच्या काकांचंही सांगितलं, इतक्या वर्षांनी. वडिलांनी ते सगळं ऐकलं आणि विचारलं, तिथे शाळा कशी आहे. कौमुदी म्हणाली, "अजून बघितली नाही बाबा. बघून सांगते," आणि चार्जर शोधत आतल्या खोलीत गेली.